सिंह, चेटकीण आणि खंडणी : शब्बाथशाळेतून पाहिलेला नार्निया

अद्भुतरम्य चित्रपटांत ख्रिस्ती विश्वासाचे धडे शोधण्याची हौस आमच्या मंडळीत गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे, आणि ती वाढवण्यात माझाही हात असल्यामुळे तिच्याविषयी कुरकुर करण्याचा मला फारसा अधिकार नाही. तरीही यंदा उपवासकाळात (ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत) शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या, वरच्या वर्गातील अठरा मुलांना ‘द क्रॉनिकल्स ऑफ नार्निया : द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ हा चित्रपट दाखवल्यानंतर, शिकवण्याचे साधन म्हणून तो कितपत उपयोगी पडतो, कुठे उत्तम साथ देतो आणि कुठे ऐन मोक्याच्या क्षणी हात सोडतो, हे सविस्तर लिहावे असे वाटले. आम्ही तो मंडळीच्या सभागृहात भिंतीवर पांढरी चादर ताणून, दोन रविवारांत विभागून पाहिला. इंग्रजी संवाद सहज कळणारी मुले निम्मीच होती, त्यामुळे दर दहा-बारा मिनिटांनी चित्र थांबवून कथा मराठीत सांगावी लागत होती; आणि खरे सांगायचे तर या परीक्षणातले बहुतेक मुद्दे त्या थांबण्यातूनच निघाले आहेत.

चित्रपट डिसेंबर २००५ मध्ये प्रदर्शित झाला, दिग्दर्शन अँड्र्यू अ‍ॅडमसन यांचे, लांबी सुमारे २ तास २० मिनिटे. मूळ कादंबरी सी. एस. लुईस यांची, १९५० सालची. बॉम्बवर्षावामुळे लंडनबाहेर धाडलेली चार भावंडे एका जुन्या कपाटातून नार्निया नावाच्या देशात जातात. तिथे श्वेत चेटकिणीच्या अमलाखाली कायमचा हिवाळा आहे आणि नाताळ मात्र कधीच येत नाही. धाकट्या दोघांतला एडमंड मिठाईच्या आशेने भावंडांचा घात करतो, आणि अस्लान नावाचा सिंह त्याच्याऐवजी स्वतः मरण पत्करून पुन्हा जिवंत होतो. लुईस तरुणपणी निरीश्वरवादी होते. सप्टेंबर १९३१ मध्ये ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या आवारात जे. आर. आर. टॉल्किन आणि ह्यूगो डायसन या मित्रांबरोबर रात्री उशिरापर्यंत फिरताना झालेल्या संभाषणाचा त्यांच्या ख्रिस्ती होण्यात मोठा वाटा होता, आणि त्या संभाषणाचा विषय होता पुराणकथा. ज्या माणसाला कथेच्या वाटेनेच विश्वास सापडला, त्याने पुढे मुलांसाठी तीच वाट बांधून काढावी, यात नवल नाही.

पहिली अडचण आली ती भाषेची. या कथेचा सगळा डोलारा ज्या गोष्टीवर उभा आहे, तिला इंग्रजीत ‘डीप मॅजिक’ म्हणतात. तिचे मी सुरुवातीला ‘गूढ जादू’ असे भाषांतर केले, आणि मागच्या बाकावर बसलेल्या दोन पालकांच्या कपाळाला लगेच आठ्या पडल्या. चेटूक, मंत्रतंत्र यांना पवित्र शास्त्रातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट मनाई असताना शब्बाथशाळेत जादू शिकवायची का, ही त्यांची शंका रास्त होती. मध्यंतरात विचार केल्यावर लक्षात आले की या ‘जादू’चा आपल्याकडच्या जादूटोण्याशी काही संबंधच नाही, ती आरंभी ठरवून दिलेली, शिळेवर कोरलेली, प्रत्यक्ष सिंहालाही मोडता न येणारी व्यवस्था आहे. आपल्या पवित्र शास्त्रात तिला फार जुना आणि नेमका शब्द आहे : नियमशास्त्र. मी तो शब्द वापरायला सुरुवात केली आणि पालकांच्या आठ्या गेल्याच, शिवाय मुलांना दगडी चौथऱ्यावरची अक्षरे पाहून दहा आज्ञा कोरलेल्या मोशेच्या दोन पाट्या आपोआप आठवल्या. शब्दांची ही ओढाताण मराठी ख्रिस्ती लेखनाला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट (येशूसंघी) धर्मगुरूंनी गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ साली छापले गेले, आणि त्यात स्वर्गासाठी त्यांनी खुशाल ‘वैकुंठ’ हा शब्द योजला. ख्रिस्ताला ओव्यांत बसवणाऱ्या स्टीफन्सना आणि सिंहाची आयाळ चढवणाऱ्या लुईसना एकाच बाकावर बसवायला मला काही संकोच वाटत नाही.

मिठाईचे प्रकरण मात्र कोणत्याही भाषांतराविना मुलांपर्यंत पोहोचले. चेटकीण एडमंडला जी ‘टर्किश डिलाइट’ देते, ती साखरेची पूड माखलेली मऊ वडी म्हणजे आपल्या कराची हलव्याची जवळची नातेवाईक. दोन्हींचा जीव पिष्टात आणि साखरेत. (सिंहाचे नावही तुर्कीच आहे, त्या भाषेत ‘अस्लान’ म्हणजे सिंहच.) मी अर्धा किलो कराची हलवा आणला होता. प्रसंग संपल्यावर तो वाटला तेव्हा एका मुलाने तुकडा दातांत ताणत विचारले, “एवढ्यासाठी सख्ख्या भावाबहिणींना विकलं?” त्याला उत्तर मी दिले नाही. शेजारच्या मुलीनेच एसावाची आठवण काढली, ज्याने मसुरीच्या वरणासाठी ज्येष्ठपणाचा हक्क विकला होता. मग वर्गात बराच वेळ, आपण कोण कशासाठी काय विकले, याची कबुली चालली : मोबाइलसाठी खोटे बोलणे, गुणांसाठी मैत्रिणीची वही लपवणे. पापाविषयी मी आजवर दिलेल्या कुठल्याही पाठात इतकी मोकळी चर्चा झालेली नाही. एडमंड दुष्ट वाटत नाही, तो ओळखीचा वाटतो, आणि याचे बरेच श्रेय स्कँडर केन्स या बालनटाच्या कुढ्या, हट्टी, मधूनच लाजणाऱ्या चेहऱ्याला द्यावे लागेल. कादंबरीत नसलेला एक प्रसंगही इथे कामी येतो : चित्रपटाच्या आरंभी विमानहल्ला चालू असताना एडमंड वडिलांचा फोटो आणायला घरात परत धावतो. पुढे विश्वासघात करणाऱ्या मुलाच्या मनात मुळात माया होती, हे सांगून दिग्दर्शकाने त्याला खलनायक होण्यापासून वाचवले आहे.

आता या चित्रपटाच्या गाभ्याकडे येते. चेटकीण अस्लानच्या छावणीत येऊन आपला हक्क मागते : प्रत्येक विश्वासघातक्यावर माझा अधिकार आहे, त्याचे रक्त माझ्या मालकीचे आहे. अस्लान तिला तंबूत नेऊन बोलतो, बाहेर येतो आणि सांगतो की तिने आपला दावा सोडला आहे. इथे मी चित्र थांबवले आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला : खंडणी. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव ‘खंडणी’ म्हणून द्यायला आला, असे आपण लहानपणापासून वाचतो आणि शब्द पाठ असल्यामुळे पुढे सरकतो. पण आजच्या मुलाने हा शब्द ऐकलेला असतो तो वर्तमानपत्रात. बिल्डरकडे खंडणी मागितली, व्यापाऱ्याला खंडणीसाठी धमकावले, अमुक टोळीला अटक झाली. म्हणून त्यांनी ताबडतोब विचारले की येशूने खंडणी दिली, तर ती घेतली कोणी? मार्क याचे उत्तर देत नाही. मंडळीच्या पहिल्या शतकांत ओरिगेनसारख्या धर्मपंडितांनी ती सैतानाला दिली गेली असे मानले. चौथ्या शतकातल्या निसाच्या ग्रेगरीने तर गळाची उपमा वापरली, की मानवी देहाचे आमिष पाहून सैतानाने घास घेतला आणि आत दडलेल्या देवत्वाच्या आकड्यात तो अडकला. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मने ही मांडणी नाकारली, कारण सैतानाचा माणसावर न्याय्य असा हक्क मुळात नाहीच. जे देणे आहे ते देवाचे आहे. लुईस यांची कथा पहिल्या, जुन्या मताच्या बाजूने झुकते आणि चित्रपट तिला आणखी ठळक करतो : खंडणी मागणारी समोर उभी आहे, तिचा चेहरा टिल्डा स्विंटनचा आहे, आणि तो इतका थंड आणि शांत आहे की आरडाओरडा करणारे खलपुरुष तिच्यापुढे पोरकट वाटावेत. तेरा वर्षांच्या एका मुलाने शेवटी विचारले, “बाई, मग अस्लानने तिला फसवलं ना? तिला सगळा नियम माहीत नव्हता.” हाच आक्षेप ग्रेगरीच्या गळावरही शतकानुशतके घेतला गेला आहे, हे त्याला सांगितल्यावर तो काही दिवस फार ऐटीत होता.

दगडी चौथऱ्याचा प्रसंग मी याआधी घरी तीनदा पाहिला होता, तरी मुलांबरोबर पाहताना वेगळा वाटला. अस्लान रात्री एकटा निघतो. चार भावंडांतल्या दोघी बहिणी, सूझन आणि लूसी, मागोमाग जातात, आणि तो त्यांना आपल्या आयाळीत हात ठेवून थोडे अंतर बरोबर चालू देतो. गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री येशू प्रार्थना करत असताना, शिष्य झोपी गेले होते, इथे दोन मुली जाग्या आहेत. पुढे मशाली, ढोल, विद्रूप प्राण्यांचा कोलाहल, आणि मग कातरणे. आयाळ कापली जाते तेव्हा सिंह एकाएकी लहान दिसू लागतो, मोठ्या मांजरासारखा. अंगणात काट्यांचा मुकुट आणि जांभळे वस्त्र घालून चाललेली येशूची टवाळी मुलांनी वाचलेली असते, पण अपमानाला वजन असते हे त्यांना त्या कापलेल्या केसांच्या ढिगाने दाखवले. प्रत्यक्ष वार होताना रक्त दिसत नाही, कॅमेरा लूसीच्या चेहऱ्यावर जातो. तरीही आठ वर्षांखालच्या मुलांना हा भाग दाखवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यानंतर दोघी बहिणी रात्रभर त्या निष्प्राण देहापाशी बसतात, उंदीर येऊन दोर कुरतडतात, पहाट होते, त्या परत निघतात आणि मागे चौथरा दुभंगल्याचा आवाज होतो. वळून पाहतात तो देह नाही. येशूच्या कबरेपाशी पहाटे गेलेल्या स्त्रिया आणि त्याच्या मरणाच्या वेळी वरपासून खालपर्यंत फाटलेला मंदिराचा पडदा, हे दोन्ही एकाच दृश्यात येते, आणि त्यावर कोणीही भाष्य करत नाही. एक बारीक तपशील मोठ्या मुलांनीच टिपला : लढाईत चेटकीण अस्लानची कापलेली आयाळ अंगावर मिरवते. शिपायांनी येशूची वस्त्रे वाटून घेतल्याचा उल्लेख कोणीतरी केला. साम्य तंतोतंत नाही, पण विचार योग्य दिशेने चालला होता.

आणि नेमके यानंतर चित्रपट हात सोडतो. पुनरुत्थित अस्लान मुलींना खुलासा करतो की चेटकिणीला बलिदानाचा खरा अर्थ कळला असता, तर तिने नियमाचा अर्थ वेगळा लावला असता. कादंबरीत असे नाही. तिथे तो सांगतो की चेटकिणीला माहीत असलेल्या नियमाच्याही पलीकडे, काळाच्या आरंभापूर्वीचा आणखी खोल असा एक नियम आहे, आणि तिची नजर तिथवर पोहोचत नाही. फरक चार शब्दांचा वाटतो, पण तारणाची सारी शिकवण त्या चार शब्दांत आहे. कादंबरीतला अस्लान जुन्या नियमाहून जुन्या अशा कृपेकडे बोट दाखवतो. चित्रपटातला अस्लान चांगल्या वकिलासारखा कलमाचा अर्थ लावतो. ‘फसवलं ना?’ हा माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न उगाच आलेला नव्हता. चित्रपटाने त्याला तो विचारायला भाग पाडले.

दुसरा धक्का लढाईच्या शेवटी बसतो. अस्लान चेटकिणीला ठार करतो आणि म्हणतो, “इट इज फिनिश्ड.” योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायातले ‘पूर्ण झाले आहे’ हे उद्गार कोणत्या घडीचे आहेत, हे उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) ज्याने वधस्तंभावरील सात उद्गारांवरच्या उपासनेला एकदा तरी हजेरी लावली असेल त्याला सांगावे लागत नाही. ते वधस्तंभावर खिळलेल्याचे आहेत, शत्रूच्या प्रेतावर उभ्या असलेल्या विजेत्याचे नाहीत. पटकथाकारांनी श्रद्धेनेच ते वाक्य घातले असेल, आणि चित्रपटगृहात ख्रिस्ती प्रेक्षकाला ते ऐकून बरेही वाटत असेल; पण चौथऱ्यावर जे पूर्ण झाले ते रणांगणावर ढकलल्याने लढाई मुख्य होते आणि मरण तिची पूर्वतयारी ठरते. मूळ पुस्तकात थोडक्यात आटोपलेली ही लढाई इथे लांबलचक आणि देखणी आहे. मुलग्यांना ती फार आवडली, आणि मला भीती आहे ती त्याचीच.

एकदा हे खटकल्यावर इतर चित्रपटांतही तसेच घडलेले दिसू लागले. नार्नियाचा तिसरा चित्रपट ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’ २०१० चा. लोभामुळे अजगर झालेला यूस्टेस कादंबरीत स्वतःच्या नखांनी तीनदा कातडे सोलतो, दर वेळी खाली नवे कातडे निघते, आणि शेवटी सिंहच त्याला खोलवर फाडून, पाण्यात टाकून माणूस करतो. बाप्तिस्म्याविषयी शिकवताना याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. चित्रपटात सिंह दुरून वाळूवर पंजा ओढतो आणि काम होते. स्वतःला ते जमले नाही हे यूस्टेस नंतर बोलून दाखवतो, पण बोलण्यात आणि तीन कातडी सोललेली पाहण्यात अंतर आहे. टॉल्किन यांच्या कथेवरील ‘द रिटर्न ऑफ द किंग’ (२००३) या अकरा ऑस्कर मिळवलेल्या चित्रपटातही शेवटी नायक फ्रोडो, जी नष्ट करायला तो निघाला होता ती दुष्ट अंगठी आगीत टाकायला नकार देतो, इथपर्यंत पुस्तकाशी इमान आहे. पुढे पुस्तकात अंगठी हिसकावून आनंदाने नाचणारा गोलम, तिच्या हव्यासाने बरबाद झालेला जीव, तोल जाऊन पडतो; म्हणजे पूर्वी ज्या अभाग्याला दया करून जिवंत सोडले, त्याच्याच हातून, कोणाच्याही पराक्रमाविना सुटका होते. चित्रपटात फ्रोडो त्याच्याशी झोंबतो आणि त्या झटापटीत दोघे कड्यावरून कोसळतात. बलिदान, मैत्री, धैर्य हे सगळे मोठ्या पडद्याला मानवते. माणसाच्या हाताबाहेरून येणारी कृपा मात्र दर वेळी कात्रीत सापडते. नायकाने काहीच न करता सुटका व्हावी, हे बहुधा पटकथालेखनाच्या नियमात बसत नसावे.

याउलटचा अतिरेकही मी पाहिला आहे. एका शिबिरात हाती पडलेल्या छापील पत्रकात या चित्रपटाचा तक्ताच दिला होता : दिव्याचा खांब म्हणजे देवाचे वचन, मुलांना मदत करणारे बोलक्या बीव्हर प्राण्यांचे दांपत्य म्हणजे प्रेषित, नाताळबाबा म्हणजे पवित्र आत्मा, कपाट म्हणजे प्रार्थना. मी तो एका वर्षी वापरला आणि पस्तावले. मुले जोड्या लावा सोडवल्यासारखी उत्तरे लिहीत होती आणि सिंहाकडे कोणी पाहतच नव्हते. लुईस यांनी स्वतः अस्लानला रूपक म्हणायला नकार दिला होता. त्यांच्या मते ती एक कल्पना होती : समजा नार्नियासारखे जग खरोखर असते आणि देवाचा पुत्र तिथे त्या जगाच्या रीतीने आला असता, तर काय घडले असते? रूपकात प्रत्येक वस्तूला अर्थ चिकटवावा लागतो. कल्पनेत फक्त पुढे काय होते ते पाहायचे असते. मंडळीत हे परीक्षण वाचणाऱ्यांनी तो तक्ता कुठे मिळाला तर घडी घालून ठेवून द्यावा.

चित्रपट म्हणून तो नीटस आहे. जॉर्जी हेन्लीची लूसी बर्फात पहिले पाऊल टाकते तेव्हाचा तिचा चेहरा अभिनय वाटत नाही. हिवाळा वितळत जातो तसतसा चेटकिणीचा बर्फाचा मुकुट लहान होत जातो, हे दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येते. लियम नीसन यांचा अस्लानचा आवाज भारदस्त आहे, पण किंचित जास्तच मायाळू. ‘तो निरुपद्रवी नाही, पण भला आहे’ या अर्थाचे बीव्हरचे वाक्य पुस्तकात सिंह दिसण्यापूर्वीच येते आणि छातीत धडकी भरवते. चित्रपटाने ते थोडे बदलून अगदी शेवटी, निरोपाच्या गोड वातावरणात ठेवले आहे, त्यामुळे धडकी भरायची राहूनच जाते. उलट, एडमंड परत आल्यावर तो आणि अस्लान दूर खडकावर उभे राहून बोलतात, आणि ते बोलणे आपल्याला ऐकू येत नाही, हे चित्रपटाने पुस्तकाप्रमाणेच जपले आहे. अस्लान भावंडांना एवढेच सांगतो की झाले ते झाले, त्याविषयी त्याच्याशी काही बोलू नका. आमच्या वर्गातली एक फारशी न बोलणारी मुलगी म्हणाली की मला तेच आवडले, कारण तिच्या घरी सगळे सगळ्यांदेखत ऐकवतात.

तेव्हा घ्यावा का? मोठ्या मुलांसाठी जरूर घ्यावा, पण कादंबरीचे पंधरावे प्रकरण हाताशी ठेवून, आणि खुलाशाच्या जागी चित्र थांबवून पुस्तकातला तो परिच्छेद स्वतः मराठीत सांगून. पुढच्या वर्षी मी एक बदल करणार आहे. चित्रपट उत्तम शुक्रवारी दुपारच्या उपासनेनंतर लावायचा, आणि दोघी बहिणी मृत सिंहाजवळ बसलेल्या असताना बंद करायचा. उरलेला भाग ईस्टरच्या रविवारी पहाटेच्या उपासनेनंतर, चहा-बिस्किटांच्या आधी. हे मी वर्गात सांगितले तेव्हा कल्ला झाला. ज्यांनी चित्रपट पाहिला होता तेच सर्वांत जास्त ओरडत होते की शनिवारभर थांबायचे कसे.